आधी जालना, मग सेलू

मनमाडपासून काचीगुड्यापर्यंतच्या त्या लांबलचक रेल्वेलाइनीवर आजवर शेकडो तिकीटबाबू होऊन गेले असतील; पण समोर आलेल्या प्रवाशाला ‘कुठं जायचं?’ असं विचारण्याआधी ‘दाढ कधीपासून दुखून राह्यली?’ असं विचारणारा बाबू एकच झाला, आणि तो आमच्या परतूरच्या स्टेशनावर होता. त्यांना नाव होतं, रेल्वेच्या दप्तरात ते नीट लिहिलेलंही असणार. पण परतूरपासून मंठ्यापर्यंत त्यांना नावाने ओळखणारा माणूस मला भेटला नाही. सगळ्यांच्या तोंडी ते नुसते ‘तिकीटबाबू’. पोलिस ॲक्शन होऊन दोनेक वर्षं झाली होती, निजामी अंमल जाऊन नवा अंमल बसत होता, शाळांतून उर्दूच्या जागी मराठी येत होती, आणि त्या मराठीचा एक नवाकोरा मास्तर म्हणून मी परतूरला राहायला गेलो होतो. शाळा सुटली की गाडीने येणारं वर्तमानपत्र वाचायला मी स्टेशनावर जायचो, आणि वर्तमानपत्राहून जास्त करमणूक तिकिटाच्या खिडकीपाशी होते हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं.

ती खिडकी म्हणजे भिंतीतलं वीतभर अर्धगोल भोक होतं. ते कुणाच्या उंचीच्या मापाने पाडलं होतं देव जाणे, पण त्याच्यापुढे पाटलापासून हमालापर्यंत सगळ्यांना सारखंच वाकावं लागे. वाकून माणूस आपल्या गावाचं नाव सांगे, तेव्हा आत बसलेल्या बाबूंना त्याचं पागोटं दिसत नसे, कपाळ दिसत नसे, डोळेही दिसत नसत. दिसायचा तो नाकाखालचा भाग, म्हणजे गाल, ओठ, हनुवटी आणि गळा. दुसरा एखादा बाबू असता तर त्याने तेवढंही पाहिलं नसतं. आमचे तिकीटबाबू मात्र सोनार सोनं पाहतो तसं पाहत. हातातलं पुठ्ठ्याचं तिकीट ठप्प्याच्या यंत्राशी न्यायचं, आणि तारीख उमटवायच्या ऐन क्षणी थांबून म्हणायचं, “जरा डावीकडं वळा बरं. हौ. उजवा गाल मोठा दिसून राह्यला.”

त्यांच्या लेखी जगातली सगळी दातदुखी तीन प्रकारची होती. पहिलीला गाडीची गरजच नव्हती. थंड पाण्याने शिणक येते, दात आंबतात, अशी तक्रार घेऊन कुणी आलं की ते तुच्छतेने म्हणत, “हे दुखणं न्हाई, ही चिंच आहे. घरी जा.” दुसरीला येत्या आठवड्यातली कुठलीही गाडी चालत असे, चावताना कळ येते, निजताना ठणका लागतो, लवंग ठेवली की घटकाभर बरं वाटतं, अशी मंडळी या वर्गात. त्यांना ते जालन्याच्या मोठ्या दवाखान्याचा रस्ता समजावून सांगत, तिथल्या दातांच्या डॉक्टरचा वार सांगत, आणि वर दम देत, “लवंगीवर भरोसा ठेवून बसू नका. लवंगीनं तुम्हाला झोप लागते, किडीला न्हाई लागत.” आणि तिसरी दातदुखी ही पुढच्याच गाडीची. तिथे बाबूंचा आवाज बदलायचा, चेष्टा संपायची. आत भाडेपत्रकाच्या शेजारी भिंतीला त्यांनी एक कागद डकवला होता. त्यावर त्यांच्या उर्दू वळणाच्या मराठीत चार प्रश्न होते: तोंड किती उघडतं? थुंकी गिळता येते का? ताप आहे का? सूज कोणीकडं सरकून राह्यली? यातला शेवटचा प्रश्न त्यांना सगळ्यांत महत्त्वाचा वाटे. “सूज वर चढली तर डोळ्याला धोका, खाली उतरली तर गळ्याला,” ते मला समजावत, “आणि दोन्हीला जालना सोडून दुसरं स्टेशन न्हाई.”

पहिला प्रश्न तर नुसता विचारून त्यांचं समाधान होत नसे. दोन बोटं उभी धरून दातांच्या मधे घालून दाखवावी लागत. बाजाराच्या दिवशी खिडकीपुढे रांग लागलेली, गाडीचा सिग्नल पडलेला, आणि रांगेतली दोन-तीन शहाणीसुरती माणसं स्वतःच्या तोंडात दोन-दोन बोटं घालून उभी, हे दृश्य मी कितीदा पाहिलं आहे. परमुलखातला प्रवासी ते पाहून गांगरायचा. त्याला वाटायचं, या स्टेशनावर तिकीट काढायची हीच रीत असेल. मग तोही मुकाट्याने बोटं घालायचा.

चुका होत नसत असं नाही. एकदा सरकीचे एक मोठे व्यापारी जालन्याला निघाले होते. त्यांचा डावा गाल पाहून बाबू स्टुलावरून अर्धे उठले. “शेठजी, हे किती दिवसांचं आहे?” शेठजी काही बोलेनात, नुसते हातवारे करत होते. बोलता येत नाही म्हटल्यावर बाबूंची खात्रीच पटली. त्यांनी आतूनच ओरडून रांगेला बाजूला व्हायला सांगितलं, स्टेशनमास्तरांना हाक मारली. शेवटी शेठजींनी रुळांकडे तोंड केलं आणि भलीमोठी पिंक टाकली. गालात पानाचा विडा होता. लोक खो-खो हसले. बाबू तसूभरही हलले नाहीत. म्हणाले, “पान थुंकलं ते बरंच झालं. आता मागची दाढ दिसली. हलून राह्यली ती. जालन्याला चाललेच आहात, तर दाखवून या.” आणि शेठजी खरंच दाखवून आले, ही त्यातली गंमत.

पदराआड तोंड असलेल्या बायांची अडचण होती. त्यांना बाबू वळायला सांगू शकत नसत, बोटं तर दूरच. त्यावर त्यांनी आवाजाचा उपाय काढला होता. “बाई, तुमच्या गावाचं नाव तुम्हीच सांगा, बरोबरच्यानं सांगू नये,” असा त्यांचा नियम. नाव ऐकताना ते डोळे मिटून घेत. तोंडात भाकरीचा घास ठेवून बोलावं तसा आवाज आला की ते डोळे उघडत. एकदा मंठ्याकडची एक लेकुरवाळी बाई अशा आवाजात बोलली. नवरा म्हणत होता, तिची बोलायची तऱ्हाच तशी आहे. बाबूंनी विचारलं, “लग्नापासून अशीच बोलते का?” नवरा बायकोकडे वळून पाहत म्हणाला, “न्हाई जी. परवापासून.” ती बाई पुढच्या गाडीने जालन्याला गेली, आणि महिन्याभराने नवऱ्याने बाबूंना टोपलंभर हुरडा आणून दिला.

या सगळ्याचा गाडीच्या वेळापत्रकावर जो परिणाम व्हायचा तो व्हायचाच. कुणीतरी वर तक्रार केली. सिकंदराबादेहून एक साहेब चौकशीला आले. ‘तिकीट देताना प्रवाशांच्या तोंडात पाहण्याचे कारण काय?’ असा लेखी खुलासा त्यांनी मागितला. बाबूंनी तीन दिवस विचार करून एका ओळीचा खुलासा लिहिला: ‘प्रवासी सुखरूप पोचावा, ही रेल्वेची जबाबदारी आहे.’ साहेबांनी तो कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि जाताना हळूच विचारलं, चावताना डावीकडे कळ येते, त्याचं काय? बाबूंनी त्यांना दुसऱ्या वर्गात टाकलं. तिकीट पहिल्या वर्गाचं होतं, पण दातदुखी दुसऱ्या वर्गाची, असं ते पुढे कित्येक दिवस सांगत.

मीही त्यांना हसायचो. बावीस-तेवीस वर्षांचा मास्तर, सगळे दात शाबूत, मी का हसणार नाही? पण त्याच वर्षी उन्हाळ्यात माझ्या खालच्या उजव्या दाढेने मला गाठलं. माझं लग्न ठरलं होतं. मुलगी सेलूची, म्हणजे जालन्याच्या उलट दिशेची होती, मुहूर्त तोंडावर आला होता, आणि दाढ रात्रंदिवस ठणकत होती. अशा वेळी शहाण्या माणसाने सरळ खिडकीशी जाऊन वाकायला हवं होतं. मी मात्र पंधरा दिवस स्टेशनाकडे फिरकलोच नाही. बाबूंनी पाहिलं की ते जालन्याला पिटाळणार, तिथे दाढ उपटणार, आणि सुजलेलं तोंड घेऊन बोहल्यावर उभं राहावं लागणार, ही भीती. लवंग झाली, तुरटीच्या गुळण्या झाल्या, कुणी सांगितलं म्हणून तंबाखूची चिमूटही झाली. आणि एके दिवशी ठणका एकदम थांबला. दाढ आहे की नाही ते कळू नये, इतका थांबला. मला केवढा आनंद झाला! बाबूंचं एक आवडतं वाक्य होतं, ‘दुखायचं थांबलं म्हंजे बरं झालं असं न्हाई, कधी कधी दात मेला म्हणूनही थांबतं,’ ते मला त्या आनंदात आठवलं नाही.

आमचं गाव मंठ्याच्या बाजूला. आईवडील मी लहान असतानाच गेले. काकांनीच मला वाढवलं, शिकवलं. जमीनजुमला सांभाळणारे, तापट, पण पोटात माया असलेले गृहस्थ. हळदीसाठी मी गावी गेलो, आणि दोन दिवसांत जबड्याखाली गाठ आली. गाठीची सूज झाली, सूज हनुवटीखाली सरकू लागली, अंगात कसकस आली. काकूने गरम विटेचा शेक दिला. सूज आणखी फुगली. मग बायकांनी तिच्यावर हळद फासली, आणि लांबून पाहणाऱ्या म्हाताऱ्या म्हणू लागल्या, “नवरदेव अंगानं भरला गं बाई!” मला घास गिळवेना. लग्नाच्या धांदलीत नवरदेव जेवत नाही, याचं कुणालाच आश्चर्य वाटलं नाही.

लग्न दुसऱ्या दिवशी सकाळी सेलूला. वऱ्हाड बैलगाड्यांनी आदल्या दिवशी सकाळी परतूरच्या स्टेशनावर उतरलं. पंचवीस माणसं, ट्रंका, वाजंत्री, आणि मधे मुंडावळ्या बांधलेला मी. काका फेटा सावरत खिडकीशी वाकले.

“सेलूची पंचवीस द्या बाबू. पुतण्याचं लग्न हाय.”

“मुबारक! कोण पुतणे? आपले मास्तर का?” आतून आवाज आला. “मंग त्यांना इकडं पाठवा की. पंधरा दिवस झाले, दिसले न्हाईत.”

मी लांबूनच हात जोडले. पण काकांनी मला दंडाला धरून खिडकीपुढे उभं केलं. मी वाकलो. आत त्यांनी हातातली तिकिटं खाली ठेवली.

“मास्तर, कुठं जायचं ते तुम्ही सांगा.”

मी ‘सेलू’ म्हणालो. निदान म्हणायचा प्रयत्न केला. ते जे काही बाहेर पडलं ते मलाच ओळखू आलं नाही.

“दोन बोटं घाला.”

मागे वाजंत्री, बायका, करवल्या. मी लाजत तोंड उघडलं. दोन सोडाच, एक बोटही धड शिरेना.

“थुंकी गिळा.”

मी गिळायला गेलो आणि डोळ्यांत पाणी आलं. बाबूंनी पुढे काही विचारलं नाही. ठप्प्याचं यंत्र खट्‌खट्‌ वाजू लागलं, आणि त्यांनी तिकिटांचा गठ्ठा बाहेर सरकवला. “सेलूची तेवीस, जालन्याची दोन. मास्तर आणि त्यांच्यासंगं एक जण. दोन्ही गाड्यांची आज इथंच क्रॉसिंग आहे. जालन्याची अलीकडच्या लाइनीवर लागंल.”

काकांना आधी वाटलं, मोजण्यात चूक झाली. मग लक्षात आल्यावर ते कडाडले, “येडे झाले का काय बाबू? नवरदेव हाय तो! उद्या अक्षता पडायच्या हायेत!”

“नवरदेव आहे, मंग तर जास्तच जल्दी पाहिजे.”

“दाढ सुजली तर काय झालं? लग्न लावून परवा घेऊन जातो जालन्याला. बाबू, तुम्ही फक्त तिकीट द्या. बाकीचं आम्ही बघू.”

यावर खिडकीची फळी खाडकन बंद झाली. परतूरच्या स्टेशनावर भरल्या रांगेपुढे खिडकी बंद झालेली कुणी पाहिली नव्हती. रांगेत कालवा सुरू झाला. इतक्यात बाजूचं दार उघडलं आणि तिकीटबाबू बाहेर आले. त्यांना कायम स्टुलावर बसलेलं पाहिल्यामुळे ते किती ठेंगणे आहेत हे मला ठाऊकच नव्हतं. काकांच्या खांद्याशी त्यांची टोपी येत होती. दुसऱ्या वेळी मला हसू आलं असतं. ते काकांपुढे हात जोडून उभे राहिले.

“काका, सूज गळ्यात उतरली आहे. तोंड उघडत न्हाई, थुंकी गिळवत न्हाई, हात लावून पाहा, अंग तव्यासारखं असंल. हे परवापर्यंत थांबणारं दुखणं न्हाई. श्वासाची वाट बंद होते याच्यात. मुहूर्त दुसरा काढता येतो. मी तुमच्या पाया पडतो, पण पोराला त्या गाडीत बसवू नका.”

काकांनी माझ्या कपाळाला हात लावला. हळदीने माखलेल्या त्या कपाळाला चार दिवसांत अनेकांनी हात लावला होता, पण ताप पाहायला तो पहिलाच हात. काकांचा चेहरा उतरला. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, आणि एकदम लहान मुलासारखं विचारलं, “मंग वऱ्हाडाचं काय करू?”

“वऱ्हाड जाऊ द्या सेलूला. न गेलं तर तिकडं भलतंच वाटंल. मी तारेनं कळवतो.”

दोन्ही गाड्या पाठोपाठ आल्या आणि समोरासमोर उभ्या राहिल्या. एकीत वाजंत्री, करवल्या, ट्रंका सांभाळणारी डबाभर उत्सुक माणसं. दुसरीत मुंडावळ्या बांधलेला मी आणि माझं डोकं मांडीवर घेतलेले काका. काकू त्या खिडकीशी, काका या खिडकीशी. वाजंत्रीवाल्यांना काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी वाजवायला सुरुवात केली. कुठल्या गाडीसाठी वाजवत होते ते त्यांनाच ठाऊक.

जालन्याला डॉक्टरांनी मला पाहिलं आणि लगेच आत नेलं. जबड्याखाली छेद घेऊन पू काढला, दाढ काढली, आणि पेनिसिलिनच्या सुया सुरू केल्या. मला आठवतं ते एवढंच, की संध्याकाळी काकांनी चमच्याने पाणी पाजलं आणि ते घशाखाली गेलं. पाणी घशाखाली जाणं ही केवढी चैन आहे, ते मला त्या दिवशी कळलं. डॉक्टर काकांना म्हणाले, “आज आणलंत म्हणून सोपं गेलं. उद्या आणलं असतं तर मला आधी श्वासासाठी गळ्याला भोक पाडावं लागलं असतं, दाढेचं नंतर.”

तिकडे सेलूला स्टेशनमास्तर तार घेऊन मुलीच्या घरी गेले, तेव्हा मांडवात आकांत झाला. नवरदेवाशिवाय वऱ्हाड, ही बातमीच तशी होती. कुणी म्हणे मुलगा पळाला, कुणी म्हणे हुंड्यावरून फिसकटलं. आत हळद लावून बसलेल्या मुलीला ही बातमी कळली तेव्हा ती, असं पुढे तिच्या बहिणीने मला सांगितलं, एवढंच म्हणाली, “आधी माणूस नीट होऊ द्या. लग्न कुठं पळून चाललं?” मग तिने वऱ्हाडाला जेवू घालायला सांगितलं. स्वयंपाक झालेलाच होता. आमची तेवीस माणसं नवरदेवाशिवाय लग्नाचं जेवण जेवून, आहेर न घेता, परत आली.

तिसऱ्या दिवशी माझे होणारे सासरे दवाखान्यात आले. त्यांच्या मनात अजून संशय होता. माझ्याकडे पाहून त्यांचं समाधान होईना, म्हणून त्यांनी डॉक्टरांकडे दाढ पाहायला मागितली. डॉक्टरांनी ती बाटलीत ठेवली होती. सासऱ्यांनी बाटली उजेडात धरून वळवून वळवून पाहिली, आणि सुस्कारा टाकून म्हणाले, “एवढीशी दाढ, आन्‌ दोन मण बुंदी घेऊन बसली की हो!” मग माझ्या डोक्यावरून हात फिरवून त्यांनी नव्या मुहूर्ताचं बोलणं काढलं.

चौथ्या दिवशी दुपारच्या गाडीने तिकीटबाबू आले. सुटीचा दिवस होता त्यांचा. काका जेवायला बाहेर गेले होते. माझ्या जबड्याला पट्टी, बोलायची मनाई. बाबू पलंगाशेजारच्या स्टुलावर बसले, पट्टीकडे निरखून पाहिलं आणि ‘बराबर’ म्हणाले. माणसांच्या तोंडात जन्म घालवलेल्या त्या गृहस्थाला स्वतःचं तोंड उघडायला बराच वेळ लागला.

“मास्तर, परतूरला पेठेत माझा एक दोस्त होता. शिंपीकाम करायचा. लहानपणापासून एका ताटात जेवलेले आम्ही. सात वर्षं झाली असतील. परभणीला मेव्हण्याकडं बारशाला चालला होता, बायको आणि भाऊ संगं. उपरण्यानं जबडा बांधलेला. खिडकीशी आला आणि काहीतरी बोलाया लागला. मला समजेना. मागं ही गर्दी. मी म्हणलो, ‘जल्दी बोल बाबा, लोक उभे आहेत.’ मंग त्याच्या भावानं गाव सांगितलं. वापसीची तीन तिकिटं दिली मी. मान वर करून पाह्यलंसुद्धा न्हाई.” त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. बाहेर कुणीतरी बादली घासत होतं. “पाच दिवसांनी गाडी आली. तेव्हा फाटकावर तिकिटं घ्यायला मीच उभा राहायचो. वापसीची दोनच तिकिटं आली.”

मला काहीतरी बोलायचं होतं. त्यांनी बोट दाखवून मला गप्प केलं.

“पहिल्या सुटीला मी इथं, याच डॉक्टरकडं आलो. विचारलं, साहेब, त्या दिवशी मी काय पाहायला पाहिजे होतं? त्यांनी चार गोष्टी सांगितल्या, त्या मी कागदावर उतरवल्या. बस, एवढंच माझं शिक्षण. लोक हसतात, हसू द्या. हसताना दात दिसतात, ते बरंच आहे.” आणि मग, स्वतःच्याच या बोलण्यावर, ते पहिल्यांदा मोकळे हसले. त्यांचे स्वतःचे दात मी तेव्हा नीट पाहिले. बारीक, पिवळसर, एकमेकांवर चढलेले, पण सगळे जागेवर होते.

पाऊसकाळ लागायच्या आत आमचं लग्न झालं. वऱ्हाड तेच, वाजंत्री तेच. फक्त नवरदेवाच्या हनुवटीखाली एक ताजा व्रण. तिकीटबाबूंना सासऱ्यांनी स्वतः येऊन आमंत्रण दिलं होतं. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात ते सेलूला येऊन गेले. पहिल्याच पंगतीत त्यांना मानाचं पान वाढलं होतं, पण त्यांचं लक्ष पानात नव्हतंच. समोरच्या रांगेत मुलीचे मामा एकाच बाजूने चावताहेत, हे त्यांनी वरणभातालाच हेरलं होतं. ताक होईपर्यंत मामांचा वर्ग ठरला, वार ठरला आणि गाडीही ठरली. मुलीने अंतरपाट दूर झाल्यावर माझ्याकडे आधी पाहिलं ते व्रणाकडे, आणि जेवताना मी पहिला घास गिळेपर्यंत स्वतःचा हात थांबवून ठेवला.

पुढे परतूरला संसार थाटल्यावर बाबूंचं आमच्याकडे जाणं-येणं वाढलं. ते माझ्या बायकोला ‘सूनबाई’ म्हणत, चहा प्यायल्यावर न चुकता चूळ भरत. दोस्त जाण्यापूर्वी ते शिट्टी वाजवत घरी यायचे, असं त्यांच्या पत्नी एकदा म्हणाल्या. आमच्या घरून परत जाताना त्यांना एकदा शिट्टी वाजवताना मी ऐकलं. फार बेसूर होती. पण आम्ही दोघंही दारात उभे राहून ती संपेपर्यंत ऐकत राहिलो.

दोनेक वर्षांनी त्यांची बदली झाली, आदिलाबादच्या वाटेवरच्या एका लहानशा स्टेशनावर. निरोपाला एवढी माणसं आली की गाडीला उशीर झाला, आणि आपल्यामुळे उशीर झाला म्हणून ते डब्याच्या दारात उभे राहून गार्डाची माफी मागत होते. गेल्यावर चार-सहा महिन्यांनी माझ्या बायकोच्या नावाने त्यांचं कार्ड आलं. लिहिलं होतं, ‘सूनबाईस आशीर्वाद. इथं दिवसातून दोन गाड्या येतात, त्यातल्या एकीला कुणी चढत न्हाई. भोवती जंगल आहे. लोक बाभळीच्या काडीनं दात घासून राह्यले, गोड खायाला त्यांच्याजवळ काही न्हाई, त्यामुळं दात सगळ्यांचे पक्के. खुदाची मेहरबानी आहे, पण करमत न्हाई. परवा एका म्हातारीचा गाल सुजलेला दिसला, म्हणून धावत बाहेर गेलो. तिला मधमाशी चावल्ती.’

कार्ड वाचून आम्ही खूप हसलो. मग बायको कार्ड पुन्हा हातात घेऊन म्हणाली, “उत्तर आजच टाका.” मी पत्र लिहिलं, शाळेची, गावाची, मामांच्या नव्या कवळीची हकीकत कळवली. पाळण्यातल्या मुलाला मांडीवर घेऊन तिने शेवटी आपल्या अक्षरात एक ओळ घातली: ‘आमच्या बाळाला पहिला दात आला आहे. एकदा येऊन पाहून जावे.’

येतो म्हणून त्यांचं उलट टपाली उत्तर आलं. पुढेही दर दिवाळीला येतो म्हणून कार्ड येत राहिलं. बाळाचा तो दात परवा पडला, आणि त्या जागी नव्या दाताची पांढरी कड दिसू लागली आहे. बायकोने काल तसं त्यांना कळवलं. या दिवाळीला ते नक्की येतील, असं तिचं म्हणणं आहे.